आजोबांची ३१५ रायफल: दस्ता बदलू, की आहे तसा ठेवू?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. गाव यावल तालुक्यात, घरची केळी. वडील गेल्यावर आजोबांची रायफल नियमाप्रमाणे जमा करावी लागली होती. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हायला दीड वर्ष गेलं. गेल्या आठवड्यात ती घरी आली. जिथे जमा होती तिथे कोणी तेलाचा हात लावला नव्हता. नळीच्या तोंडाशी तांबूस गंज आहे आणि दस्त्याच्या मनगटाजवळ, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागाजवळ, बोटभर चीर पडलीय.

आजोबांनी ती साठच्या दशकात घेतली. गावात इतरांकडे ठासणीच्या बंदुका होत्या, म्हणून हिला सगळे 'लष्करी' म्हणत. आहेही तशीच. मूळची ली-एनफिल्ड, म्हणजे इंग्रजांच्या फौजेची रायफल. फक्त पुढचं लाकूड अर्ध्यात कापलेलं, वरचं लाकडी आवरण काढलेलं आणि संगीन अडकवायचं लोखंडी नाक काढून टाकलेलं. पुढची नळी उघडी. परवान्यावर .३१५ बोअर (नळीचं आतलं माप) लिहिलंय.

ओळखीच्या मिस्त्रीचं म्हणणं, नवा अक्रोडाचा दस्ता, मागे रबर, वर दुर्बीण, आणि नळी चार इंच कापली की केळीच्या बागेत फिरायला सोपी. धाकटा भाऊ नेमकं उलट म्हणतो. कुठून तरी पूर्ण लष्करी लाकूड मिळवून मूळ रूपात आणायची त्याची इच्छा आहे. मला दोन्ही पटत नाही आणि दोन्ही मोडवतही नाही. काय करू? फोटो टाकतोय. बोल्टच्या (काडतूस आत लोटून नळी मागून बंद करणारा दांडा) हँडलखालच्या पट्टीवर मुकुट, त्याखाली इंग्रजीत जी. आर. आय., मग ईशापूर आणि १९४२.

केळीवाला_रावेर
वा! फोटो बघून आमच्या मळ्यातले आप्पा आठवले. दुर्बीण बसव भाऊ, रात्री रानडुक्कर दिसायला पाहिजे.

वकील_धुळे
मिस्त्रीला आधी थांबवा. नळी आखूड करणं हे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ मध्ये थेट येतं. त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तुमचा परवाना फक्त बाळगण्याचा आहे. चार इंचासाठी फौजदारी अंगावर घेऊ नका. दुरुस्तीसुद्धा ज्याच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे त्याच्याकडेच. सुतारकाम म्हणून लाकूड देता येईल असं कोणी सांगेल, पण लाकडाबरोबर रायफल त्याच्या दुकानात रात्रभर राहिली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

निवृत्त_सुभेदार
तापीकाठ, दस्त्याचा प्रश्न नंतर. आज तिच्यातून एकही गोळी झाडू नका.

जी. आर. आय. म्हणजे जॉर्ज राजा आणि सम्राट. पट्टी ईशापूरच्या रायफल कारखान्याची, ऐन महायुद्धातली. १९४२ साली तिथे जी रायफल बनत होती ती .३०३ ची. मग तुमच्या परवान्यावर ३१५ कसं? अर्थ असा की रायफलचं धड, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मधला लोखंडी भाग, लष्करी आहे आणि नळी नंतर बदललेली असणार. असणार म्हणतोय, आहे म्हणत नाही. हे कागदावरून ठरत नाही, नळीवरच्या शिक्क्यावरून आणि मापावरून ठरतं.

तीन गोष्टी बघा. एक, नळीच्या बुडाशी, लाकडाच्या वर किंवा आत, कोणता बोअर कोरलाय. दोन, धडावरचा, नळीवरचा आणि बोल्टच्या हँडलवरचा नंबर एकच आहे का, आणि परवान्यावर कोणता आहे. तीन, कुठेही 'डी. पी.' अक्षरं आहेत का. डी. पी. म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीची. तसा शिक्का असेल तर ती भिंतीवरच शोभते, चाप ओढायचा नाही.

आणि बटच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाच्या, पितळी पट्टीवर छोटं झाकण असेल. ते उघडून बघा.

सातपुडा_पायवाट
सुभेदार साहेब, अडाणी प्रश्न आहे. ३०३ आणि ३१५ मध्ये एवढा काय फरक? ऐकायला तर अगदी जवळचे आकडे.

निवृत्त_सुभेदार
अडाणी नाही, हाच प्रश्न सगळ्यांनी विचारावा. ३०३ हे फौजेचं काडतूस. इंग्रजांना आपल्या लोकांच्या हातात फौजेचं काडतूस नको होतं, कारण चोरीचा माल सहज चालून गेला असता. म्हणून हिंदुस्थानातल्या खासगी शिकारी रायफलींसाठी वेगळं काडतूस चालवलं. ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर रायफलचं, आठ मिलिमीटरचं. तेच आपलं ३१५. स्वातंत्र्यानंतरही तीच चाल राहिली. ३०३ अजून प्रतिबंधित बोअर आहे आणि ३१५ परवान्यावर मिळते. ईशापूरची ३१५ स्पोर्टिंग रायफल ली-एनफिल्डच्याच अंगाची आहे, म्हणून लांबून दोघी जुळ्या वाटतात.

काडतुसाच्या कोशाची (पितळी नळकांड्याची) लांबी वेगळी आणि गोळीची जाडी वेगळी. एकाच्या घरात दुसरं घालून 'बसतंय का' बघणं म्हणजे तोंडासमोर सुरुंग लावणं.

वकील_धुळे
म्हणूनच नळीचा शिक्का महत्त्वाचा. ती ३०३ निघाली आणि परवाना ३१५ चा असेल, तर ती नुसती लिहिण्यातली चूक राहत नाही. तसं निघालं तर स्वतःहून परवाना शाखेला लेखी कळवा.

शिरपूरना_भाऊ
मना आजानी बी अशीच व्हती भो. चालाडे कमी, पुसे जास्त. दर आमावस्येले खाटवर धोतर पसरी बसे, आम्हले हात लावू दे नही.

ब्रिस्बेनकर_पाचोरा
माझं बालपण पाचोऱ्यात गेलं, आता ऑस्ट्रेलियात आहे. इथे या विषयावर माणसं रात्र काढतात. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेच्या ली-एनफिल्ड रायफली ढिगाने स्वस्तात विकल्या गेल्या. शेतकऱ्यांनी घेतल्या, लाकूड कापलं, वजन कमी केलं आणि कांगारू, डुकरं मारली. त्याला इथे स्पोर्टर म्हणतात. बर्मिंगहॅमची पार्कर-हेल कंपनी तर फौजी रायफली घेऊन त्यांना शिकारी रूप देऊन विकायची. न्यू साउथ वेल्समध्ये लष्करी बोअरवर बंधनं होती म्हणून ३०३ च्या कोशाची मान आवळून २५ बोअरची बारीक गोळी बसवलेलं काडतूस निघालं. तुमच्या ३१५ चीच कथा, दुसऱ्या देशातली.

आता इथले संग्राहक न कापलेली शोधत फिरतात. ज्यांच्या आजोबांनी कापली त्यातले काही जण जुनं लाकूड विकत घेऊन परत लष्करी रूप देतात. धाकट्या भावाची ओढ मला समजते. पण असं जोडकाम केलेली रायफल ना धड फौजेची राहते, ना आजोबांची.

रानमित्र_चाळीसगाव
माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट सांगतो. विकून टाका. पाटणादेवीच्या रानात मी वीस वर्षं फिरतोय. या 'लष्करी' बंदुकांनी खानदेशातलं रान रिकामं केलं. ज्या वस्तूने चितळ-सांबर संपवले तिची पॉलिश काय करायची?

तापीकाठ
रानमित्र, तुमचा राग खरा आहे. आजोबांनी शिकार केली, मी लपवत नाही. त्या काळी त्यांच्याकडे शिकारीचा परवाना होता. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि त्यांनी थांबवली. पुढे ९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्याचं दार पूर्ण बंद झालं. माझ्या लहानपणी त्यांनी ती फक्त बागेच्या राखणीला वापरली, तीही बहुतेक वेळा हवेत एक बार काढायला. मला प्राणी मारायचे नाहीत. मला ती नीट ठेवायची आहे आणि जमलं तर कागदावर नेम धरायचा आहे.

केळीवाला_रावेर
रानमित्र दादा, एकदा ऑगस्टमध्ये आमच्या मक्यात या. दोन एकरात रानडुकरांनी एका रात्रीत जे लोळण घेतलं ते बघून माझी आई बांधावर बसून रडली. केळीचं कंद उकरून टाकतात. नुकसानभरपाईचा पंचनामा होतो, पैसे येतात तेव्हा पुढचं पीक उभं असतं.

रानमित्र_चाळीसगाव
तुमचं नुकसान मी नाकारत नाही. पण बंदुकीने डुकरं कमी होत नाहीत, ती शेजारच्या शेतात जातात. आमच्याकडे सहा जणांनी मिळून सौर कुंपण केलं, दोन हंगाम मका वाचला.

वकील_धुळे
कायद्याची बाजू एकदा सांगून ठेवतो, कारण वाचणारे बरेच असतात. रानडुक्कर असो की रोही, पीक खातो म्हणून आपल्या मनाने मारता येत नाही. हातात शस्त्राचा परवाना असला तरीही नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनविभागाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता असतं, घरी शिजवायचं नसतं. शस्त्राचा परवाना एका कायद्याचा, जनावराची परवानगी दुसऱ्या कायद्याची. लोक नेमके इथे फसतात.

डोंगऱ्या_धडगाव
मी अक्राणीतला. आमच्या वाडवडिलांकडे धनुष्यबाण. बंदुकीची गोष्ट आली की आमच्याकडे भिल्ल पलटणीची गोष्ट निघते. १८२५ साली औट्रम साहेबाने धरणगावला ती उभी केली, आमच्याच लोकांच्या हातात सरकारी बंदूक दिली आणि आमच्याच डोंगरात पाठवलं. म्हणून आमचे म्हातारे म्हणत, बंदूक कोणाच्या हातात आहे त्याआधी बघा ती कोणी दिली. तापीकाठ दादांच्या रायफलवरचा मुकुट बघून ते आठवलं.

वरणगाव_कॉलनी
डोंगऱ्या, मनाला लागलं तुमचं. माझं सगळं बालपण वरणगाव फॅक्टरीच्या कॉलनीत गेलं. बाबा तिथे लहान शस्त्रांच्या काडतुसांच्या विभागात होते. फौजेची काडतुसं आपल्या जळगाव जिल्ह्यातच बनतात हे भुसावळच्या बाहेर फार जणांना माहीत नसतं. बाबांकडून एक शिकलो, काडतुसाचं बूड वाचायचं. के. एफ. असेल तर ते खडकीचं. आजोबांच्या डब्यात जुनी काडतुसं उरली असतील तर ती वापरू नका, परवानाधारक दुकानात दाखवून जमा करा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात चाळीस वर्षं तापलेल्या दारूचा भरवसा नाही.

सातपुडा_पायवाट
थोडं विषयांतर. आमच्या गावच्या बँकेत एक पहारेकरी होता, त्याच्याकडे अशीच दिसणारी पण गुळगुळीत नळीची बंदूक होती. ती काय होती?

निवृत्त_सुभेदार
बहुधा ४१० बोअरची मस्केट. ईशापूरच्याच रायफली गुळगुळीत करून पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहाऱ्याला दिल्या होत्या, एका वेळी एकच काडतूस. तापीकाठांची रायफल शिकारीसाठी बदलली, ती पहाऱ्यासाठी बदलली. आणि मूळची ३०३ पण किती टिकली बघा! २६/११ ला मुंबईच्या पोलिसांच्या हातात तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. काल रविवारी सुभेदार काकांनी सांगितलं तसं सगळं पाहिलं.

डी. पी. कुठेही नाही. पुढचं लाकूड सोडवलं तेव्हा नळीच्या बुडाशी ३१५ कोरलेलं दिसलं. नळीवर आणि बोल्टवर एकच नंबर आहे आणि परवान्यावरही तोच. धडावरचा जुना नंबर खोडून त्याशेजारी तोच नवा नंबर ठोकलाय. म्हणजे नळी बदलली तेव्हाच सगळं नीट नोंदवून केलेलं काम आहे.

मग बटचं झाकण उघडलं. अंगठ्याने दाबलं तर हलेना, तेलाचा थेंब टाकून अर्धा तास थांबलो. आत पितळेची तेलाची छोटी कुपी, तिच्या टोपणाला आतून चपटा चमचा. तिच्याभोवती दोरी गुंडाळलेली, टोकाला पितळी वजन. दोरीच्या फासात पांढऱ्या धोतराची एक पट्टी अडकलेली, काठ लाल, मधोमध काळा डाग. आजोबा लाल काठाचंच धोतर नेसायचे. आई ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ बसली होती.

शिरपूरना_भाऊ
अरे भो... डोळामा पानी वनं.

निवृत्त_सुभेदार
दोरी म्हणजे पुलथ्रू. पट्टीला आम्ही फौजेत चिंदी म्हणतो. वजन बुडाकडून नळीत सोडायचं, तोंडाकडून ओढायचं, एका दमात. तुमच्या आजोबांना कोणीतरी फौजी माणसाने शिकवलंय हे, नाहीतर धोतराची पट्टी त्या मापाची कापली नसती.

आता गंज. जुन्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणारी जी टोपी, तिच्यात जे रसायन असे त्याची राख म्हणजे मिठाच्या जातीचाच क्षार. तो हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद खातो. तेलात क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आम्ही चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी नरसाळ्याने बुडाकडून ओतायचो. नळी हाताला चटका बसेल इतकी तापली की आतलं पाणी स्वतःच वाळतं. मग कोरडी चिंदी, ती स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी तेलाची. गंजावर सँडपेपर फिरवू नका, तेल आणि बारीक तारेचा लोकरीसारखा बोळा, हलक्या हाताने.

ब्रिस्बेनकर_पाचोरा
आता लाकडावर बोला काका. चिरेचं काय?

निवृत्त_सुभेदार
ली-एनफिल्डचं लाकूड दोन तुकड्यांचं. दस्ता वेगळा, पुढचा भाग वेगळा. मनगटाजवळची चीर दस्त्यात असेल तर ती धक्क्याने उघडत जाईल, कुशल माणसाकडून आतून चिकटवून घ्यावी लागेल. पुढच्या लाकडात चापाच्या वर जिथे ते धडाला टेकतं तिथेही बघा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, लाकूड आकसतं, स्क्रू ढिले पडतात. मग प्रत्येक गोळीला लाकूड मागे आपटतं आणि उभं फाटतं. नेमही रोज वेगळा लागतो, आणि माणूस माशीला (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेला) दोष देत बसतो.

उपाय आपल्या मातीतला आहे. कच्चं जवसाचं तेल. तळहातावर चार थेंब, हात गरम होईपर्यंत चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी फडक्याने पुसायचं. आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षातून एकदा. व्हार्निश मारू नका.

केळीवाला_रावेर
जवसाचं तेल आमच्या भाऊबंदांच्या घाण्याचं आहे, शुद्ध. पत्ता नको, पुढच्या बाजारी मीच घेऊन येतो.

वकील_धुळे
मापं तपासायला बाहेर नेणार असाल तर परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते आधी वाचा. इंदूर जवळ वाटतं, पण परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर शेंधव्याचा घाट ओलांडता येणार नाही. आणि निवडणूक लागली की जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. जमा करताना पावतीवर रायफलची स्थिती लिहून घ्या: गंज नाही, चीर इतकी. मागच्या वेळी हेच राहिलं.

तापीकाठ
दोन महिन्यांनी परत लिहितोय, उशिराबद्दल माफी.

पुण्याला परवानाधारक दुरुस्तीवाल्यांकडे नेली. त्यांनी मापाचे ठोकळे घालून बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड यातली फट मोजली. जराशी जास्त निघाली. बोल्टचं डोकं आट्यांवर फिरून निघतं हे मला तिथेच कळलं. त्यांनी दुसरं डोकं बसवून परत मोजलं आणि मगच मान हलवली. फट तशीच राहिली असती तर काडतुसाचं पितळ बुडाशी फाटून गरम वायू डोळ्याकडे आला असता, असं त्यांनी एक फाटलेला कोश हातात देऊन दाखवलं. दस्त्याची चीर आतून पितळी खिळा आणि सरस घालून बसवली. बाहेरून फक्त केसाएवढी रेघ दिसते.

परवानगी काढून नेमबाजीच्या रेंजवर पाच गोळ्या झाडल्या. हिचा बोल्ट पुढे लोटताना आतली कमान (स्प्रिंग) दाबली जाते, त्यामुळे शेवटच्या दोन इंचात हाताला जोर लागतो. पहिल्या वेळी मी घाबरून अर्ध्यात सोडला. शिकवणारे म्हणाले, 'दार लावल्यासारखा लाव.' शंभर यार्डांवर पाचही कागदावर लागल्या. चार माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ, पहिली मात्र खाली डावीकडे. धक्का बसतो, पण भीती वाटावी इतका नाही.

दस्ता तोच ठेवला. रबर नाही, दुर्बीण नाही, लष्करी लाकूडही नाही. धाकट्या भावाला मी त्याची बाजू विचारली तर म्हणाला, आजोबांनी गालाला लावला तो दस्ता हाच ना, मग राहू दे. जवसाचं तेल चालू आहे. रावेरच्या दादांनी खरंच बाटली आणून दिली. आणि रानमित्र, बागेला सौर कुंपणाचा अर्ज केलाय. तुमच्या त्या सहा जणांपैकी कोणाशी बोलता येईल?

रानमित्र_चाळीसगाव
व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवतो. बॅटरी कोणती घ्यायची ते आधी त्यांना विचारा, आमची पहिली पावसाळ्यात बसली होती.

निवृत्त_सुभेदार
पहिली गोळी खाली डावीकडे गेली ती बहुधा तेल लागलेल्या नळीमुळे. पुढच्या वेळी झाडण्याआधी कोरडी चिंदी ओढा. आणि ती लाल काठाची पट्टी कुठे आहे?

तापीकाठ
आईने धुवायला नको म्हटलं. नवी चिंदी वेगळी कापली, आजोबांची परत झाकणाखाली ठेवलीय, कुपीभोवती.